ख्रिस्ती कीर्तनाचं कूळ

१८६० च्या दशकात अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती लोकांनी कीर्तन उभं केलं. मध्ये कीर्तनकार, मागे साथीदार, टाळ-झांजा, मृदंग किंवा तबला. आधी नमन, मग पूर्वरंग, मग उत्तररंगातलं आख्यान. त्यात साक्या, दिंड्या, कटाव, ओव्या. थाट सगळा नारदीय कीर्तनाचा; आख्यान मात्र योसेफाचं, दानिएलाचं, रूथचं किंवा उधळ्या पुत्राचं. या पहिल्या कीर्तनकारांत कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) हे सर्वांत ठळक नाव. नगर, सोलापूर, पुणे, मुंबई इथल्या मंडळ्यांत नाताळात, दुःखसप्ताहात किंवा वर्धापनदिनाला असं कीर्तन आजही होतं.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण एवढ्यावरच थांबतात की मिशनऱ्यांनी लोकांना आवडणारा एक देशी प्रकार उचलला आणि प्रचारासाठी वापरला. मला हे वाचन फार उथळ वाटतं. कीर्तन म्हणजे नुसतं पात्र नाही की त्यात काहीही ओतावं. देवाबद्दल बोलण्याचा अधिकार कुणाला, आणि तो दिला कुणी, या प्रश्नाचं एक उत्तर कीर्तनाच्या अंगातच आहे. ख्रिस्ती उपदेशाच्या इतिहासातही हाच प्रश्न पहिल्यापासून धगधगतो आहे. नगरला दोन्ही परंपरा एकमेकींना भेटल्या त्या या ठिकाणी. त्यामुळे ख्रिस्ती कीर्तनाचं कूळ शोधायचं तर दोन्हीकडच्या वाटेने मागे जावं लागतं.

ख्रिस्ती उपदेशाचं मूळ यहुदी सभास्थानात आहे. लूकच्या शुभवर्तमानात नासरेथच्या सभास्थानातला प्रसंग येतो. येशू उभा राहून यशयाच्या ग्रंथपटातला उतारा वाचतो, पट गुंडाळून सेवकाच्या हाती देतो आणि खाली बसतो. मग बोलू लागतो. वाचायचं उभं राहून, समजावायचं बसून, अशी तिथली रीत होती. आपल्याकडच्या पुराणिकाची बैठकही अशीच. त्या दिवशी ऐकणारे आधी विस्मित झाले, हा तर योसेफाचा मुलगा, असं म्हणू लागले, आणि मग संतापले. सुताराच्या घरातल्या माणसाने शास्त्राचा अर्थ सांगावा, हे त्यांना खपलं नाही. म्हणजे ख्रिस्ती उपदेशाच्या पहिल्याच प्रसंगात अधिकाराचा प्रश्न उभा आहे.

त्याच्याही आठेक शतकं आधी आमोस नावाच्या माणसाला बेथेलच्या याजकाने हाकलून दिलं होतं: तुझ्या यहुदा देशात जा, तिथे भविष्यं सांगून पोट भर. आमोसाने उत्तर दिलं ते असं, की मी संदेष्टा नाही आणि संदेष्ट्याचा मुलगाही नाही. मी गुरं राखणारा, उंबराच्या झाडांची निगा करणारा. कळपामागून मला देवाने उचललं आणि बोलायला पाठवलं. घराणं नाही, पद नाही, परवाना नाही. आहे ती फक्त हाक. मराठी ख्रिस्ती लोक तिला पाचारण म्हणतात. पुढे पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात प्रश्नांची एक साखळीच मांडली: ऐकल्याशिवाय लोक विश्वास कसा ठेवतील, सांगणारा नसेल तर ऐकतील कसे, आणि कुणी पाठवलंच नसेल तर सांगणारे सांगतील कसे? उपदेश आणि पाचारण यांची गाठ तिथे कायमची बसली.

सुरुवातीच्या शतकांत हा उपदेश गायलाही जात असे, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नसतं. चौथ्या शतकातला एफ्रेम हा सिरियाक भाषेतला कवी निसिबिसचा. ते शहर इराणी सत्तेकडे गेल्यावर तो एदेस्साला आला आणि ३७३ मध्ये तिथेच वारला. एदेस्सामध्ये बार्दैसान नावाच्या आधीच्या तत्त्वज्ञाची गीतं लोकांच्या ओठांवर होती आणि एफ्रेमला त्यातली शिकवण मान्य नव्हती. त्याने खंडन केलं ते गीतांनीच. त्याच्या गीतांत कडवं एकाने म्हणायचं आणि धृपद सगळ्यांनी धरायचं. स्त्रियांची गायनमंडळं त्याने या कामी उभी केली, आणि पुढच्या काळातल्या याकोब या सिरियाक कवीने त्याबद्दल त्याचा खास गौरव केला आहे. परंपरेप्रमाणे एफ्रेम आयुष्यभर डीकनच राहिला, पुरोहित कधी झाला नाही.

रोमानोसची कथा याहून सुरस आहे. हा सिरियातल्या एमेसाचा, म्हणजे आजच्या होम्सचा. बैरूतला डीकन होता, आणि सहाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलला आला. आख्यायिका सांगते की त्याचा आवाज बेताचाच होता. नाताळच्या आदल्या रात्री पवित्र मरिया त्याच्या स्वप्नात आली, तिने त्याला एक गुंडाळलेला पट दिला आणि खायला सांगितलं. जाग आल्यावर तो चर्चमधल्या उंच चौथऱ्यावर चढला आणि येशूजन्माचं गीत गाऊ लागला. या प्रकाराला कोंताकिओन म्हणतात. अठरा-वीस कडवी, बायबलातलं एखादं आख्यान, पात्रांचे संवाद, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीच ओळ. हे गायलेलं प्रवचन होतं.

आपल्याकडे अशा स्वप्नाची गोष्ट नवी नाही. तुकोबांना बाबाजींनी स्वप्नात उपदेश केला. पुढे नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्व करण्याचं काम त्यांनी तुकोबांवर सोपवलं. देहूच्या वाण्याला वेदार्थ सांगण्याचा अधिकार काय, असा आक्षेप वाघोलीच्या रामेश्वरभटांनी घेतला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या. शिऊरच्या बहिणाबाईंनाही तुकोबांचा अनुग्रह झाला तो स्वप्नातच. बेथेलचा याजक आमोसाला जे म्हणाला तेच देहूच्या आसपासही म्हटलं गेलं, आणि दोन्हीकडे उत्तर एकच होतं: मला पाठवणारा निराळा आहे. कीर्तनपरंपरेच्या मुळाशी हा दावा आहे. विद्वत्ता हवी, गळा हवा, पाठांतर तर हवंच हवं. पण उभं राहण्याचा हक्क त्यातून येत नाही.

युरोपात मात्र गाणं आणि उपदेश हळूहळू वेगळे झाले, आणि अधिकारही कडक झाला. बाराव्या शतकात लिओं शहरातला व्यापारी वाल्डो संपत्ती वाटून टाकून लोकभाषेत उपदेश करू लागला. त्याला आणि त्याच्या अनुयायांना विनापरवाना उपदेश केल्याबद्दल ११८४ मध्ये पाखंडी ठरवण्यात आलं. १२१६ मध्ये डोमिनिकन संघाला पोपची मान्यता मिळाली तेव्हा उपदेश हे एका संघाचं रीतसर काम झालं. धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंटांनी पुलपिटाला उपासनेच्या मध्यभागी आणलं. इंग्लंडमधल्या विल्यम पर्किन्सने १५९२ मध्ये उपदेशकलेवर लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यातली पद्धत सुटसुटीत होती: वचन वाचा, त्याचा अर्थ सांगा, त्यातून सिद्धान्त काढा, तो ऐकणाऱ्यांच्या जगण्याला लावा. प्युरिटन लोकांनी ही पद्धत अमेरिकेत नेली. तासभराचं प्रवचन, साधी भाषा, अलंकार वर्ज्य. स्तोत्रं होती, पण ती प्रवचनाच्या आधी आणि नंतर. प्रवचन चालू असताना मंडळीने ऐकायचं.

१२ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट याच वळणाचे होते. दोघेही मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर सेमिनरीत शिकलेले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना परत पाठवण्याची तयारी केली होती. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि ते राहिले. हॉल मराठी शिकले, आणि रस्त्यात, बाजारात, देवळांजवळ, माणसं जमतील तिथे उभे राहून बोलू लागले. १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी मिशनने मराठी नवा करार छापला. इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर बाप्तिस्मा घेणारे फार थोडे होते. रस्त्यावरचं प्रवचन लोक ऐकत, काही वेळ थांबत, प्रश्न विचारत आणि निघून जात.

मग वादसभांचा काळ आला. १८३१ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद झाला. १८५७ च्या पहिल्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्या चर्चा रंगल्या. त्यांची नोंद मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी प्रसिद्ध केली. या वादांचं मराठी गद्याला मोल आहे, विचारालाही आहे. पण वादात समोरचा माणूस प्रतिपक्ष असतो. त्याला उत्तर देता येतं, सूर मिळवता येत नाही. उपदेशाला हवी असते ती वेगळी जागा, जिथे ऐकणाऱ्याला आपल्या आवाजात सामील होता येईल. अँडोव्हरहून आलेल्या प्रवचनात ती जागा नव्हती.

त्याच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी गोव्यात हे एकाला उमगलं होतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्विट १५७९ मध्ये गोव्याला आला आणि साष्टीत चाळीस वर्षं राबून १६१९ मध्ये वारला. साष्टीतली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली होती, जुने ग्रंथ हिरावून घेतले होते. त्या जबरदस्तीचा डाग पुसता येत नाही आणि पुसू नये. स्टीफन्सच्या पुराणाच्या आरंभीच तिची सावली आहे: साष्टीतला एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्रींना विचारतो, आमची पूर्वीची पुराणं तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी तसंच काही का देत नाही? ख्रिस्तपुराण हे त्या मागणीचं उत्तर. मराठी ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्यांत, जुना आणि नवा करार. १६१६ मध्ये ते रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं, कारण देशी अक्षरांचे खिळे पाडण्याची स्टीफन्सची इच्छा पुरी झाली नव्हती. रविवारी, सणावारी ते चर्चमध्ये वाचलं जाई. त्यात पाद्री एकटा बोलत सुटत नाही. श्रोते मध्येच शंका काढतात, तो थांबून उत्तर देतो. पुराण सांगण्याची आपली रीतच त्याने उचलली. १६४९ आणि १६५४ मध्ये पुढच्या आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, आणि या साहित्याचा उगम आटत गेला. तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. पुराण तगलं ते हस्तलिखितांतून.

नगरचं कीर्तन या पुराणातून निघालेलं नाही. पंथ वेगळा, शतक वेगळं, माणसं वेगळी. एकाच गरजेला मराठीने दोनदा दिलेलं उत्तर, एवढंच त्यांचं नातं.

हॉल-नॉट यांचं अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. हेन्री बॅलंटाईन १८३५ मध्ये भारतात आले आणि पुढची तीस वर्षं नगरच्या कामात राहिले. मराठीत त्यांनी पुष्कळ गीतं रचली, पण ती पाश्चात्त्य चालींवर. १८४२ मध्ये नगरलाच मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं. गावोगावी जाणाऱ्या देशी उपदेशकांची फळी तयार होत होती. हे मिशन काँग्रिगेशनल पंथाचं, आणि या पंथाचा पाचारणाबद्दलचा विचार इथे फार महत्त्वाचा आहे. बिशपने नेमायचं आणि लोकांनी मान तुकवायची, अशी त्यांची रीत नाही. आतून हाक आली असं एखाद्याला वाटणं ही अर्धी बाजू. मंडळीने त्याला ओळखून बोलावणं ही दुसरी. दोन्ही जुळल्या तरच पाळक. १८५० च्या दशकात हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती या रीतीने.

नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत पुढे मोठी संख्या झाली ती महार आणि मांग समाजातून आलेल्या माणसांची. भजन या घरांना परकं नव्हतं. एकतारी, खंजिरी, कबीराची पदं, संतांचे अभंग त्यांच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या होते. परकं होतं ते देवळातल्या कीर्तनात आत बसणं. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर पायरीशी आहे, आत नाही. ज्या माणसांनी कीर्तन शतकानुशतकं बाहेरून ऐकलं, त्यांच्या मुलांनी आता कीर्तनकार म्हणून मध्ये उभं राहायचं होतं. पुलपिटावर चढण्यासाठी सेमिनरीचं शिक्षण लागे, ग्रीक-हिब्रूचा धाक असे. कीर्तनाला लागत होता गळा, पाठांतर, आख्यान पोटात मुरवलेलं असणं, आणि आपल्याला हे सांगण्यासाठी बोलावलं आहे असा विश्वास. या कीर्तनाची खरी थोरवी मला इथे दिसते. ऐकणाऱ्यांना ते गोड वाटलं हे झालंच. पण बोलण्याची मुभा ज्यांना कुणी कधी दिली नव्हती त्यांना त्याने बोलण्याची जागा दिली, आणि ती जागा मराठी समाजाने आधीच पवित्र मानलेली होती.

आता त्याचं अंतरंग पाहू, कारण कलेचा कस तिथे लागतो. नारदीय कीर्तनात आधी नमन, मग मुख्य पद. पूर्वरंगात त्या पदाचं निरूपण. मध्यंतरी नामगजर, बुक्का लावणं, हार घालणं हे त्याच वेळी. मग उत्तररंगात पदाचा अर्थ पटवणारं आख्यान, आणि शेवटी पुन्हा मूळ पदावर येऊन समारोप, आरती. नगरच्या मंडळींनी बुक्का आणि मूर्तिपूजेशी जोडलेले उपचार सोडले, प्रार्थना घेतली. सांगाडा तसाच राहिला. तो पर्किन्सच्या सूत्राशेजारी ठेवून पाहावा. वचन म्हणजे मुख्य पद, अर्थ आणि सिद्धान्त म्हणजे पूर्वरंग. जगण्याला लावणं मात्र प्रवचनात उपदेशकाने बोटाने दाखवायचं असतं. कीर्तनात ते काम आख्यान करतं.

उधळ्या पुत्राचं आख्यान घ्या. धाकटा मुलगा वाटणी मागतो, दूर देशी जातो. हा भाग साकीत झरझर पुढे सरकतो. तिथली उधळपट्टी, मित्रांचा गराडा, खाणं-पिणं, मग एकाएकी दुष्काळ. इथे कटाव हवा, श्वास न घेता एकावर एक शब्द कोसळणारा. डुकरं चारताना त्याला घर आठवतं तिथे लय उतरते आणि दिंडी येते. बाप लांबूनच मुलाला पाहतो आणि धावत सुटतो. म्हातारा, इभ्रतदार शेतकरी चारचौघांत धावतो, ही गोष्ट गावातल्या श्रोत्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पण कथा इथे संपत नाही. थोरला भाऊ शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि रुसून बाहेरच थांबतो. बाप बाहेर येऊन त्याची विनवणी करतो. लूकच्या शुभवर्तमानात गोष्ट या विनवणीवर संपते. थोरला आत गेला की नाही हे सांगितलेलंच नाही. ही मोकळी जागा पुस्तकात नुसती वाचली तर सहज निसटून जाते. कीर्तनात नेमक्या त्या ठिकाणी कीर्तनकार मूळ पदावर परततो, टाळ वाजू लागतात आणि श्रोते पद उचलतात. थोरल्याच्या जागी आता तेच उभे असतात. आत यायचं की नाही, ते त्यांच्या आवाजावरून कळतं. कोंताकिओनच्या दर कडव्याअखेर सगळ्यांनी म्हणायच्या ओळीतही हेच बळ होतं. एफ्रेमने धृपद लोकांच्या हाती दिलं ते याचसाठी.

ऐकण्याचं पुण्य आणि समजून उत्तर देणं यांत केवढं अंतर आहे, हे पंडिता रमाबाईंइतकं थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब पुराण सांगत देशभर हिंडलं. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलं की हे कुटुंब संस्कृत पुराणं वाचत असे, देशी भाषेत अर्थ सांगत नसे. कानावर पडलं की ऐकणाऱ्याला पुण्य लागे आणि वाचणाऱ्यापुढे दक्षिणा पडे. उतारवयात केडगावला त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं ते साध्या बायांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते समग्र प्रसिद्ध झालं.

नारायण वामन टिळकांकडे आलो की उपदेश आणि पाचारण हे दोन्ही धागे एकाच माणसाच्या आयुष्यात गुंतलेले दिसतात. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. तो कोण होता हे टिळकांना कधीच कळलं नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही देशी पाळकाच्या हातून, रेव्हरंड तुकाराम नथूजींकडून. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. नगरला सेमिनरीत त्यांनी शिकवलं, अभंग आणि भजनं लिहिली, ‘ज्ञानोदय’ सांभाळला. आज ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतपुस्तक उघडलं की पानोपानी त्यांचं नाव भेटतं. सांगळ्यांच्या पिढीने कीर्तनाचा थाट आणला होता. टिळकांनी त्यात भक्तीची भाषा खोल नेली, इतकी की ती रचना संतपरंपरेला शोभावी.

पण १९१७ मध्ये त्यांना मिशनची पगारी नोकरी पाचारणाच्या आड येऊ लागली. त्यांनी ती सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात यावेत अशी कल्पना होती. पगार घेणारा उपदेशक आणि हाकेला ओ देणारा भक्त यांतलं अंतर त्यांना सहन होईना. लोकांच्या आणि मिशनऱ्यांच्या दृष्टीने हे वेडं साहस होतं. मला मात्र ते कीर्तनपरंपरेचंच फळ वाटतं. वारकरी कीर्तनकाराने कीर्तनाचं मोल घेऊ नये हा दंडक महाराष्ट्राने जुन्या काळापासून ऐकला आहे. दरबार रुजायला वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं ओवीबद्ध महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईने साठाहून अधिक अध्याय लिहिले. त्यांना हे काम कुणी नेमून दिलं नव्हतं.

टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या सुमाराचा त्यांचा स्नेही जस्टिन अ‍ॅबट हा याच अमेरिकन मराठी मिशनचा. पुढे त्याने बहिणाबाई, तुकाराम, एकनाथ यांची चरित्रं आणि रचना इंग्रजीत आणल्या. १९२० च्या दशकात लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजमधल्या मार्सडेन संग्रहात ख्रिस्तपुराणाचं देवनागरी हस्तलिखित आहे, हे याच अ‍ॅबटने जगाच्या नजरेस आणलं. रायतूर आणि नगर या दोन दूरच्या शाखा एकमेकींना भेटल्या त्या त्याच्या मेजावर.

सांगळ्यांचं एक गीतही समुद्रापार गेलं. नगरला काम केलेल्या ऑल्डन क्लार्क यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो अमेरिकन चर्चच्या गीतपुस्तकांत छापला गेला. चाल मूळचीच राहिली. तिच्या नावाच्या जागी तिथे ‘तन मन धन’ असं छापलेलं असतं. स्वरलिपीत बांधली गेल्यामुळे ती वाचली. इकडच्या जुन्या कीर्तनांचं तसं नाही. पदाच्या डोक्यावर अमक्या पदाची चाल एवढंच लिहिलेलं असतं, आणि ते अमकं पद एखाद्या विसरलेल्या नाटकातलं, लावणीतलं किंवा दुसऱ्याच एखाद्या कीर्तनकाराच्या आख्यानातलं असतं. शब्द छापील राहतात आणि गायचे कसे ते कुणी सांगू शकत नाही. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, गिटार आणि हिंदी-इंग्रजी स्तुतिगीतं शहरी मंडळ्यांत आली, त्यांना माझा विरोध नाही; त्या पिढीलाही तिची गाणी हवीत. पण पाळकांना तयार करणाऱ्या आपल्या संस्थांत प्रवचनशास्त्राचा तास असतो तसा कीर्तनाचाही असायला हवा, आणि तो शिकवायला पेटी-तबल्यासह कीर्तनकार बोलावायला हवेत. ज्या वयस्कर माणसांच्या गळ्यात अजून साक्या-दिंड्यांच्या चाली आहेत, त्यांच्याकडून त्या शिकून, गाऊन, ध्वनिमुद्रित करून घ्यायला हव्यात. हे काम मंडळ्या आपल्या पातळीवर याच वर्षी सुरू करू शकतात. त्याला फार पैसा लागत नाही.